दमट कपाटातला वाडगा

लग्नातली स्टीलची भांडी मी दोन बॅगांत कोंबून अमेरिकेत आणली होती. माझ्या आईने प्रत्येक ताटाच्या, प्रत्येक वाटीच्या कडेला मशीनने आमची नावं आणि लग्नाची तारीख कोरून घेतली होती. फ्रीमाँटमध्ये आमची तीन घरं बदलली, काचेची भांडी फुटली, प्लास्टिकची पिवळी पडली, पण या वाट्यांना काही झालं नाही. त्यामुळे नवऱ्याने एक दिवस वरणाची वाटी बाजूला सारून "याला लोखंडाची चव येते" म्हटलं, तेव्हा मला वाटीचा नाही, त्याचाच राग आला.

मी तापट आहे. माहेरी, सासरी, ऑफिसात, सगळीकडे हेच ऐकत आलेय, आणि ते खरं आहे. त्याला पोटाचा कॅन्सर होता, केमोच्या चार फेऱ्या झालेल्या, डोक्यावरचे केस गेलेले. तरी मी त्याच्याशी भांडले. लोखंड कसलं, अरे, तीस वर्षं याच वाटीत जेवतोयस! मग मी हट्टाने मीठ वाढवलं, लिंबू पिळलं, फोडणीत लसूण जास्त घातला. तो दोन घास खायचा आणि चमचा खाली ठेवायचा. त्या औषधाने हातापायांना मुंग्या यायच्या, गार वस्तूला हात लागला की करंट बसल्यासारखं व्हायचं. ड्रॉवरमधला चमचा उचलला की त्याच्या हातून पडायचा. मला वाटायचं, नखरे चाललेत.

तीन आठवड्यांनी नर्स सहज बोलता बोलता म्हणाली की केमोमध्ये बऱ्याच पेशंटना सगळं धातूसारखं लागतं, जेवायला स्टील वापरू नका. मी तिथेच खुर्चीत बसून राहिले. तीन आठवडे मी त्याला आरडाओरडा करून लोखंड भरवत होते.

तोवर त्याचं वजन एकशे तीसवरून एकशे वीस पौंडांवर आलं होतं. आमची डॉक्टर मवाळ बोलणारी बाई, पण तिने त्या दिवशी स्पष्ट सांगितलं. एकशे पंधराच्या खाली गेलं तर पुढचा डोस देणार नाही, शरीराला झेपणार नाही. आणि डोस थांबला की आजार मोकाट सुटणार, हे तिला सांगावं लागलं नाही. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय उरला नाही. सकाळी उठलं की बाथरूममधला काटा आणि त्याच्यावरचा आकडा. त्याने खाल्लं पाहिजे, बाकी काही नको.

मी स्टीलची सगळी भांडी खोक्यात घालून वर ठेवली. चिनी मातीचे बाऊल आणले, ते गरम वरणाने इतके तापायचे की त्याला धरवत नव्हते, आणि जडही. प्लास्टिकमध्ये वाढलं तर म्हणाला, पिकनिकला आल्यासारखं वाटतं, आणि चार चमचे खाऊन उठला. ऑनलाइन जपानी लाकडी बाऊल मागवला, तर निघालं प्लास्टिकच, वर लाल रंग फवारलेला, आणि वास असा की खिडक्या उघडाव्या लागल्या. परत पाठवला.

आमच्या शेजारी, भिंतीला भिंत लागून, एक ऐंशीच्या घरातले जपानी गृहस्थ राहतात. आम्ही दोघं घरात त्यांना जपानी काका म्हणायचो, तोंडावर नुसतं हाय. तरुणपणी जपानमधून आले, जन्मभर इथे सुतारकाम केलं, बायको वारल्यावर गॅरेजमध्ये लेथ बसवून लाकडाचे वाडगे करत बसले. गाडी कायम बाहेर, म्हणून सोसायटीची त्यांना पत्रांवर पत्रं. इतक्या वर्षांत आमचं बोलणं कचऱ्याचे डबे कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचे याच्या पलीकडे गेलं नव्हतं. पण नवऱ्याला ड्राइव्हवेत टोपी घालून उभं असलेलं त्यांनी पाहिलं असणार. एका दुपारी दार वाजलं, आणि ते झाकण घातलेला एक वाडगा दोन्ही हातांत धरून उभे. सूप आहे म्हणाले, आणि निघून गेले.

बाहेरून काळा, आतून लाल. वरच्या लेपाखाली लाकूड आहे हे हातात घेतल्यावरच कळत होतं, इतका हलका. आत उकळतं सूप आणि बाहेरून नुसता कोमट. नवऱ्याने तो ओंजळीत धरला आणि चमचा न घेता सरळ तोंडाला लावला. सगळं प्यायला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, वरण-भात आहे का? मी मऊ भात कालवून त्याच वाडग्यात वाढला, तोही संपवला. मी सिंकपाशी जाऊन रडले. दोन महिन्यांनी त्याने मागून घेतलं होतं.

भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही आपली रीत. मी दुसऱ्या दिवशी त्यात शिरा भरून गेले. काकांनी झाकण उघडून पाहिलं, त्यांच्याकडेही असंच करतात म्हणाले. मग मी भीड सोडून विचारलं की हा वाडगा थोडे महिने आमच्याकडे ठेवू का, सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि नाही म्हणाले. वाडगा त्यांच्या बायकोचा होता. त्यांच्याकडे घरात प्रत्येकाचा आपापला वाडगा असतो, दुसरा कोणी त्यात जेवत नाही. ती गेल्यापासून ते रोज सकाळी त्यात भात घालून तिच्या फोटोपुढे ठेवतात. काल सूप आणलं कारण घरात झाकणाचं दुसरं भांडंच नव्हतं, आणि नंतर त्यांना चुटपुट लागून राहिली होती.

माझं डोकं फिरलं. मी इंग्रजीतून, शब्द शोधत शोधत, पण म्हटलंच, की मेलेल्या माणसाला वाडगा आणि जिवंत माणसाला नाही? नैवेद्य दाखवणाऱ्या घरातली मी, मला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच जास्त लागेल असं बोलले. मी शिरा तिथेच ठेवून तरातरा घरी आले.

संध्याकाळी ते पुठ्ठा आणि पेन्सिल घेऊन आले. नवऱ्याला म्हणाले, दोन्ही हातांचे अंगठे एकमेकांना लावा, मधली बोटंही लावा. मधे जो गोल तयार झाला तो त्यांनी पुठ्ठ्यावर काढून घेतला. वाडगा माणसाच्या हाताच्या मापाचा लागतो, म्हणाले. नवऱ्याची बोटं इतकी वाळली होती की गोल वेडावाकडा आला. तो हसला, म्हणाला, शर्टाचं माप कधी कोणी इतकं नीट घेतलं नाही.

चेरीच्या लाकडाचा एक वाडगा त्यांनी आधीच कोरून वर्षभर वाळत ठेवला होता, तोच मापाला उतरवला. म्हणजे लाकडाचं काम आठवड्यात झालं. खरं काम पुढे होतं. त्यावर एका जपानी झाडाचा चीक लावायचा, पातळ हात द्यायचा, वाळला की पाण्याने घासून गुळगुळीत करायचा, पुन्हा दुसरा हात. असे कितीतरी. आणि हा चीक वाळतो कसा, तर ओलीत. उन्हात ठेवला तर वाळतच नाही. गॅरेजमध्ये त्यांनी एक लाकडी कपाट केलं होतं, आत ओली फडकी टांगलेली. त्या दमट कपाटात एकेक हात मुरत पडायचा. किती दिवस लागतील विचारलं तर म्हणाले, अडीच महिने, आणि नंतर एक महिना नुसता उघडा ठेवायचा. मी मनात आकडे मांडले. तो तेव्हा एकशे एकोणीस होता.

रोज दुपारी मी गॅरेजमध्ये डोकावायला लागले. पहिल्यांदा त्यांनी चिकाची डबी उघडली तेव्हा तो वास मला ओळखीचा वाटला. काळपट, दाट, नाकात बसणारा. आमच्या अमरावतीकडे बिब्बा असतो, त्याचा! लहानपणी धोबी कपड्यांवर त्याच काळ्या तेलाने खुणा करायचा, पुसल्या जायच्या नाहीत. टाचेला भेगा पडल्या की आई बिब्बा सुईला टोचून तापवायची आणि चटका द्यायची. काकांना मी हे सगळं हातवारे करून सांगितलं. त्यांना मोठी मौज वाटली. म्हणाले, झाडं एकाच घराण्यातली असतील. मग गंभीर होऊन हातातले मोजे दाखवले. ओला चीक अंगाला लागला तर फोड येतात, आणि वाळल्यासारखा दिसला तरी आतून बरेच दिवस जिवंत असतो. आजारी माणसाला तर पूर्ण मुरल्याशिवाय द्यायचाच नाही.

मी मान डोलावली. मनात म्हटलं, काका, बिब्बा उतून अंगावर फोड येणं म्हणजे काय ते मला शिकवू नका. आमच्याकडे ज्याला उततो त्याला उततो, बाकीच्यांना काही होत नाही. मला कधीच झालं नाही. आम्ही त्यातले, असा मला एक ताठाच होता.

आता जे लिहायचंय त्यासाठी एक आधी सांगायला हवं. माझा नवरा पुण्याचा, पेठेतला. त्याने बिब्बा कधी हातात धरला नव्हता. पण आंबा त्याला सोसायचा नाही. रस चालायचा, फोडी चालायच्या, पण साल किंवा देठाचा चीक ओठाला लागला की दोन दिवसांत ओठ सुजून पुरळ यायचं. लग्न झाल्यापासून मी त्याला आंबा सोलून, कापून, काट्याने खायला द्यायचे आणि वर चिडवायचे की कोकणात सासर मिळालं असतं तर उपाशी मेला असतास. तीस वर्षं मी स्वतःच्या हाताने त्या साली दूर ठेवल्या. आंब्याचा चीक, बिब्बा आणि हा जपानी चीक, तिन्ही एकाच जातीचे, हे मला शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये नाकाने कळलं होतं. पण नवऱ्याच्या ओठांशी मी ते जोडलं नाही. आमच्या घरच्या कोणत्याही बाईला विचारलं असतं तरी तिने दोन मिनिटांत जोडलं असतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला वजन एकशे सोळा झालं. पुढच्या गुरुवारी डोस होता. वाडग्याला शेवटचा हात देऊन आठ दिवस झाले होते. बाहेरून काळा, आतून लाल, आरशासारखा. मी काकांकडे गेले आणि आता द्या म्हणून गयावया केली. त्यांनी वाडगा बोटांवर तोलून धरला, बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दिसायला वाळलाय. वाळलेला नाही." आणि परत कपाटात ठेवला.

त्याच शनिवारी त्यांना सॅक्रामेंटोला बहिणीकडे दोन दिवस जायचं होतं. कपाटातली फडकी सुकली तर काम बिघडतं, म्हणून त्यांनी मला गॅरेजचा कोड दिला आणि सांगितलं की सकाळ-संध्याकाळ फडकी ओली करा. मी हो म्हटलं.

सकाळी फडकी ओली केली. अगदी नीट, पिळून, सारखी टांगली. मग वाडगा पदराखाली, म्हणजे जॅकेटखाली, घेऊन घरी आले. गरम पाण्याने धुतला, बेसनाने घासला, पुन्हा धुतला. वास घेतला, मला काही आला नाही. मऊ वरण-भात, तूप, लिंबू. नवऱ्याला सांगितलं, काकांनी दिला. त्याने दोन्ही हातांत धरला. माप अगदी बरोबर होतं, अंगठे आणि बोटं जशी काढली होती तशी कडेवर बसली. वाडगा तोंडाला लावला आणि क्षणभर थांबला. मग खाल्लं, सगळं खाल्लं. संध्याकाळी पेज. रविवारी दोन्ही वेळा खिचडी, वर ताक. मी समोर बसून एकेक घास मोजत होते आणि किती महिन्यांनी मोठ्याने हसत होते. त्याला म्हटलं, बघ, तुझ्या त्या डॉक्टरणीला आता दाखवतेच. सोमवारी सकाळी काटा एकशे सतरा दाखवत होता. काका यायच्या आत मी वाडगा धुऊन, पुसून कपाटात जिथल्या तिथे ठेवला.

मंगळवारी त्याचे ओठ चुरचुरायला लागले. बुधवारी सुजले, हनुवटीवर आणि दोन्ही तळहातांवर बारीक फोड आले, आणि तोंडाच्या आत, जिभेवर, घशाशी. पाणी गिळताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. ताप चढला. मी त्याला गाडीत घालून हॉस्पिटलला घेऊन गेले. गाडी चालवताना मला सगळं कळलं होतं. ओठांची ती सूज मी तीस वर्षांत चार-पाच वेळा पाहिली होती, मला ओळखायला आरसा लागत नव्हता.

डॉक्टरने त्याचे तळहात उलटसुलट करून पाहिले. तोंडातलं केमोमुळे असू शकतं, म्हणाली, पण हातांवरचं वेगळं आहे. नवीन काही वापरलं का, साबण, क्रीम, भांडं, काहीही? माझ्याकडे बघून विचारलं. आयुष्यभर तोंडाला लगाम नसलेली मी, भिंतीवरच्या हात धुण्याच्या सूचना वाचत उभी राहिले.

"मँगो," नवरा म्हणाला. सुजलेल्या ओठांतून, कसाबसा. "आय एट अ मँगो."

तिने ते लिहून घेतलं. अ‍ॅलर्जी, मँगो. घरात आंबा नव्हताच.

गुरुवारचा डोस अर्थात रद्द झाला. तोंड बरं होईपर्यंत काही नाही, आणि तोंड बरं होईपर्यंत खाणं नाही. त्याच्या पोटात नळी घालायची की नाही यावर बोलणी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी घरी आणलं तेव्हा मी गाडी ड्राइव्हवेत उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. तुला माहीत होतं का, एवढंच विचारलं.

त्याने मान डोलावली. "पहिल्याच घासाला चिकाचा वास आला होता."

"मग खाल्लंस कशाला?"

"तू समोर बसून बघत होतीस," तो म्हणाला.

मी तशीच स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले. त्याने हात उचलून माझ्या पाठीवर ठेवला, फोड आलेला तळहात, हलकाच, दुखू नये म्हणून.

तोंड बरं व्हायला साडेतीन आठवडे लागले. वजन एकशे आठ. त्यानंतर डोस द्यायची वेळ आलीच नाही. डॉक्टर मला नंतर म्हणाली की आजार पुढे गेलेलाच होता, फार फरक पडला नसता. ती चांगली बाई आहे, म्हणून तसं म्हणाली. पण तिच्या कागदावर आंबा लिहिलेला आहे, तिला काय माहीत. तो एप्रिलच्या शेवटी गेला, घरीच. तिकडून पूर्वेकडच्या अ‍ॅशबर्नहून आमचा मुलगा आला होता, शेवटचे दहा दिवस होता. मुलाला मी हे अजून सांगितलेलं नाही. फोनवर तो दर रविवारी म्हणतो, आई, यू डिड एव्हरीथिंग यू कुड. मी हं म्हणते. त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून मी हे इथे लिहू शकते.

काकांना मात्र सांगितलं. तेराव्यानंतर गेले आणि गॅरेजच्या दारात उभी राहून सांगून टाकलं. वाटलं होतं, चिडतील, मला बरं वाटलं असतं. ते लेथपाशी बसून राहिले. मग म्हणाले की चूक त्यांची, कपाट सांभाळायला नको त्या माणसाला सांगितलं. मला तेही बरोबर वाटलं. पुठ्ठ्यावरचा तो वेडावाकडा गोल त्यांच्यामागे खिळ्याला टांगलेला होता. मी मागितला, त्यांनी काढून दिला.

जूनमध्ये त्यांनी वाडगा आणून दिला. आता पूर्ण मुरलाय, म्हणाले, आता कोणीही जेवलं तरी चालेल. तोच वाडगा, आणखी काही केलेलं नव्हतं, फक्त दिवस गेले होते. तो त्याचा आहे, म्हणाले, मग माझ्याकडे बघून दोन्ही हातांनी पुढे केला. मी त्यांना एकदा काय बोलले होते ते दोघांनाही आठवत होतं.

आता रोज सकाळी मी त्यात मऊ भात घालते, तूप, लिंबू, आणि फोटोपुढे ठेवते. एवढ्याने माझं भागत नाही हे मला माहीत आहे. एक गोष्ट काकांनाही सांगितलेली नाही. तो हॉस्पिटलमध्ये होता त्या तीन दिवसांत, एका दुपारी, काका बाजारात गेले असताना, मी कोड दाबून गॅरेजमध्ये गेले होते. दमट कपाटातून तो वाडगा काढला. तेव्हा तो अजून मुरला नव्हता, आतून जिवंत होता. घरी आणून त्यात गरम वरण ओतलं आणि प्यायले. कडा चाटल्या. रिकामा वाडगा ओठांवर, गालांवर दाबून धरला, किती वेळ कोण जाणे. मग धुऊन परत ठेवला आणि वाट बघत बसले. दोन दिवस, चार दिवस, आठ दिवस. रोज आरशात ओठ बघायचे.

मला काही झालं नाही.